दुधाचा आवाज

आमच्या जळगावात एक काळ असा होता की लग्नात वरण-बट्टी कशी झाली हे लोक नंतर विचारायचे. आधी विचारायचे, "कॉफीचं मशीन होतं का?" एस्प्रेस कॉफी म्हणायचे तिला. कॉफी त्यात नावापुरतीच. डब्यातली पावडर आणि साखर चमचाभर कढत पाण्यात घोटायची, वरून वाफेने फुगवलेलं दूध ओतायचं आणि फेसावर चॉकलेटची पूड भुरभुरायची. पण मशीन असं लखलखीत आणि वाफेचा आवाज असा कर्कश, की लोकांना वाटायचं आपण काहीतरी मुंबईचं पितोय. खेड्यावरून आलेल्या म्हाताऱ्या पहिला घोट घेऊन तोंड वाकडं करायच्या, "कडू शे वं माय," म्हणायच्या, आणि कप पुढे करून दुसरा मागायच्या.

ते मशीन आमच्या घरात राहायचं. मालकीचं नव्हे. मालक होते मांडव-डेकोरेशनवाले नाना. पण त्यांच्या गोडाऊनमध्ये उंदीर फार, आणि उंदीर गॅसची रबरी नळी कुरतडतात असं आमच्या ह्यांनी ठरवून टाकलं होतं. म्हणून दोन लग्नांच्या मधे मशीन आमच्या पुढच्या खोलीत, भिंतीला टेकून. वर माझंच एक जुनं पातळ पांघरलेलं. थंडीत हा माणूस रात्री उठून ते पातळ सारखं करायचा. मी शेजारी कुडकुडत पडलेली असायचे. माझ्या अंगावर काही आहे की नाही, याची चौकशी नाही. सवत म्हणून मला एक पितळी-पोलादी डबा मिळाला, असं मी शेजारणींना सांगायचे, आणि त्या हसल्या की मला फार बरं वाटायचं. अक्कल तेवढीच होती.

हे आधी गिरणीत होते, साचेखात्यात. तिथे मागांचा खडखडाट असा, की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओठ आणि हात वापरायचे. मग गिरणी बंद पडली. आज उघडेल, उद्या उघडेल असं म्हणता म्हणता तिच्या आवारात बाभळी उगवल्या. ह्यांनी हमाली करून पाहिली, यावलच्या बाजूला केळीच्या गाड्या भरून पाहिल्या, पाठ धरली म्हणून सोडली. मग नुसते ओसरीवर बसून. सकाळी अंघोळ करून, शर्टाला इस्त्री करून, केस विंचरून बसायचे, जशी गिरणीत पाळी लागणार आहे. ते पाहवायचं नाही. मी मुद्दाम त्यांच्या पुढ्यातून केर काढायचे, "पाय उचला" म्हणायचे. ते उचलायचे नाहीत. मग मी चिडायचे.

नानांनी मशीन आणलं आणि चालवायला ह्यांना बोलावलं. गिरणीतला माणूस, यंत्राला भिणार नाही, असा त्यांचा हिशोब. मुंबईहून एक शिकवणारा आला होता. त्याने सगळं दाखवलं. टाकीत पाणी किती, काटा कुठे आला म्हणजे वाफ तयार, गरम पाण्याची तोटी ही, वाफेची नळी ती, नळी दुधात घालायच्या आधी तिच्यातलं थेंबभर पाणी उडवून टाकायचं आणि काढल्या काढल्या ओल्या फडक्याने पुसायची, नाहीतर दुधाची खपली धरते. जाताना तो म्हणाला, "बाकी सगळं कानाचं काम आहे भाऊ. दूध तापलं की नाही ते आवाजावरून कळतं. हात लावून बघाल तर हात जाईल आणि दूधपण जाईल."

हे मला आणि पोरीला ह्यांनीच घरी येऊन सांगितलं. सांगताना हसले नाहीत.

आता इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. तेव्हा मी तिशीत होते. सातवी पास, दिसायला बरी, आणि आपल्याइतकं कोणाला काही कळत नाही अशी ठाम समजूत. त्या समजुतीच्या जोरावर मी ठरवून टाकलं होतं की माझा नवरा गर्विष्ठ आहे. हाक मारली तर बघत नाही. काही विचारलं तर दुसरीकडे तोंड. भाजी कशी झालीय म्हटलं, तर उत्तर नाही. नाना दारातून "भाऊ" म्हणाले की मात्र ताडकन उठून उभे. म्हणजे बाहेरच्यांना मान आणि बायको म्हणजे भिंत! मी एकदा रागारागाने बोलणंच बंद केलं. म्हटलं, बघू किती दिवस तग धरतात. ताट वाढायचे, पाणी द्यायचे, शब्द नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. हा माणूस आपला जेवतोय, सुपारी कातरतोय. मी आतून धुमसतेय आणि वाट बघतेय की आता विचारतील, मग विचारतील, काय झालं गं? शेवटी मीच कंटाळून बोलायला लागले. त्यांना कळलंच नव्हतं की मी बोलत नव्हते. बोलायला लागले तेही कळलं नाही. इतका वाया गेलेला रुसवा जळगाव जिल्ह्यात दुसरा नसेल.

मग एके दिवशी मी नळावरून हंडा घेऊन येतेय तर आमच्या घरातून कुकरची शिट्टी. एक झाली, लगेच दुसरी, मग थांबायलाच तयार नाही. गल्लीतल्या बायका म्हणताहेत, "अगं तुझी डाळ गेली!" मी धावत आत आले तर हे स्टोव्हच्या शेजारी, हातभर अंतरावर, मशीनचा एक नट घासत बसलेले. मी ओरडले, "कान फुटले का?" त्यांनी वर पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग कुकरकडे. आणि अगदी हळू विचारलं, "शिट्टी होतेय का?"

मी स्टोव्ह बंद केला. बसले. हंडा डोक्यावरच होता, तो उतरवायचं सुचलं नाही.

सिव्हिल हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं की मागांच्या आवाजाने असं होतं. बारीक, तीक्ष्ण आवाज आधी जातात, जाड आवाज राहतात. ढोल ऐकू येईल, ट्रक ऐकू येईल, पुरुष माणूस बोललेला बराचसा ऐकू येईल. शिट्टी, पाखरं, पोरं आणि बायका, हे गेलं. "आणि वाफ?" मी विचारलं. डॉक्टरांना वाटलं मी औषधाची वाफ म्हणतेय. ते म्हणाले, वाफ घेऊन काही उपयोग नाही बाई.

घरी येताना वाटेत ह्यांनी मला थांबवलं. "कोणाला बोलायचं नाही. नानांना तर नाहीच. हे मशीन गेलं तर मी परत ओसरीवर बसायचा नाही, सांगून ठेवतो." मग कुठे बसणार, ते मी विचारलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून विचारावंसं वाटलं नाही.

आणि मी, मोठी हुशार, म्हटलं, एवढंच ना? कान मी देते.

नानांना सांगितलं की कप विसळायला बाहेरचं माणूस कशाला, मी येते. ते खूश झाले. तेव्हापासून मी मशीनच्या मागे, टबाजवळ, उलट्या क्रेटवर डोक्यावरून पदर घेऊन बसायला लागले. लोकांना दिसायची एक कप विसळणारी बाई. माझ्या हातात कॉफी घोटायचा लांब दांड्याचा चमचा असायचा. ह्यांची पोटरी बरोबर माझ्यासमोर. दूध झालं की चमच्याने पोटरीला एक टोचणी, म्हणजे वाफ बंद. कोणी बाई किंवा पोर काही मागत असेल तर दोन. घाई, गडबड, काहीतरी चुकतंय, तर टोचतच राहायचं.

दूध काय बोलतं ते मी त्या क्रेटवर बसून शिकले. नळी वरच्यावर असली की कोरं मांजरपाट फाडल्यासारखं चर्र वाजतं, तेव्हा फेस धरतो. नळी खाली गेली की घुमायला लागतं. तापत आलं की तो घुमारा जड होतो, लांब पुलावरून मालगाडी जातेय तसा, आणि तिथेच थांबायचं. त्याच्या पुढे गेलं तर दूध फुगून वर येतं आणि फेस पार बसून जातो. एक आवाज मात्र फार वाईट. मशीनमधला दाब उतरला आणि नळी दुधातच राहिली, तर वाफ बाहेर यायच्या ऐवजी दूधच नळीतून उलटं वर चढतं, थेट टाकीत. त्याआधी फुसफूस मंदावत मंदावत बंद पडते आणि मग लहान पोराने बशीतला चहा ओढावा तसं सुर्रकन होतं. ते झालं की टाकीतलं सगळं पाणी गेलं कामातून. मी दोनदा ते सुरू होताना ऐकलं आणि दोनदा पोटरीत चमचा असा खुपसला, की घरी येऊन हळद लावावी लागली.

लोकांना दिसायचंच. एका लग्नात वरमाईचा भाऊ म्हणाला, "काय भाऊ, वहिनी मागून पराणी टोचतात, मग बैल चालतो वाटतं?" सगळे हसले. ह्यांनाही ते ऐकू आलं, आवाज जाड होता. तेही हसले. आणि मी पदरात तोंड घालून इतकी फुलले, की विचारू नका. मला वाटायला लागलं होतं की मशीन मीच चालवते. हा माणूस म्हणजे नुसते हात. मागे बसून मी त्यांना काय वाटेल ते बोलायचे. "हं, आता त्या टायवाल्या साहेबांना फेस जास्त द्या, नाहीतर रागावतील." "त्या निळ्या शर्टवाल्याचा हा चौथा कप, हाकला त्याला." नवऱ्याला तोंडावर बोलायची सोय कोणाला असते? मला मिळाली होती. मी मनसोक्त बोलायचे, आणि कधीकधी मधेच गप्प व्हायचे. कारण बोलता बोलता लक्षात यायचं की मी विनोद केला तरी हसायला कोणी नाही. भरल्या मांडवात मी त्यांच्या पाठीशी बोलतेय आणि ती पाठ दूध ओततेय.

तरी ते दिवस चांगले म्हणायचे. ह्यांची मान ताठ झाली होती. लग्नाच्या दिवशी पांढरा शर्ट, खांद्यावर स्वच्छ फडकं. कपावर चॉकलेटची पूड टाकताना लहान मुलाला विचारायचे, "मोर काढू का?" मोर काही निघायचा नाही, डाग निघायचा, पण पोरं तो मोर म्हणून घेऊन जायची. गिरणीतले जुने सोबती भेटले की मशीनवर हात ठेवून उभे राहायचे, आपली गाय दाखवावी तसे.

धुळ्याचं लग्न आलं ते भर वैशाखात. मुलीकडचे लोक नानांच्या ओळखीचे, मुलाकडचे शिंदखेड्याच्या बाजूचे, नरडाण्याजवळच्या गावातले. दुपारचं लग्न. मांडवात इतकं उकडत होतं की भटजींच्या अक्षता हाताला चिकटत होत्या. आमचं टेबल मांडवाच्या कडेला, बायकांच्या बैठकीच्या जवळ. अक्षता पडल्या आणि गर्दी आमच्यावर आली. सगळं नीट चाललं होतं. मी टोचत होते, हे ओतत होते.

मग नवरीची मावशी आली. हातात कुंकवाची कोयरी. "अक्का, तुम्ही इथे काय बसल्या? सवाशीण बाई मांडवात आली आणि हळदीकुंकवाशिवाय कोपऱ्यात राहिली, असं आमच्यात चालत नाही. उठा."

मी म्हटलं, "हात ओले आहेत हो. नंतर येते."

"नंतर कसलं? नवरीची ओटी भरणं चाललंय. पाच जणीत एक कमी पडतेय. चला चला."

नाही म्हणायला तोंड उघडलं तर दुसरी आली, तिने दंडाला धरलं. आता खरं सांगायचं तर मला जायचंही होतं. लग्नांमागून लग्नं मी मांडवाच्या मागच्या बाजूने पाहत होते. उष्टे कप आणि लोकांचे पाय, एवढंच माझं लग्न. एवढ्या मानाने कोणी उठवलं नव्हतं. मी ह्यांच्या पोटरीला टोचलं, हाताने खूण केली, येतेच म्हणून. ते मान हलवून हसले. मी पदर सावरून, केसांवर हात फिरवून, थाटात निघाले. बघण्यासारखं ध्यान होतं. कोपरापर्यंत दुधाचे ओघळ आणि चाल अशी की जणू वरमाय.

ओटी भरली. कुंकू लावलं. कोणीतरी माझ्या हातात खण-नारळ दिला, मला तोही घ्यायचा होता आणि मी घेतला. एक बाई माझं माहेर भडगावकडचं म्हणून ओळख काढायला लागली आणि मी सांगत बसले, गिरणाकाठचं गाव, अमुक घराणं. तेवढ्यात मला जाणवलं की वाफेचा आवाज येत नाही.

मधल्या वेळात काय झालं ते मला नंतर तुकड्या तुकड्यांनी कळलं. मुलाकडच्यांना गरम होत होतं म्हणून कोणीतरी उभा पंखा त्यांच्याकडे वळवला. त्याचा झोत आमच्या टेबलाखाली. बर्नर विझला. नळी दुधाच्या भांड्यात तशीच. हे पुढे तोंड करून कप भरत होते. वाफ मंदावली, बंद पडली, त्यांना कळलं नाही. जवळच्या बायका म्हणाल्या, "भाऊ, तुमचा गॅस विझला." ह्यांनी वळून पाहिलं नाही. एकीने मोठ्याने सांगितलं. तरी नाही. तिसरीने त्यांच्या पाठीशी येऊन सांगितलं, आणि पाठ दूध ओतत राहिली. दूध मात्र एव्हाना नळीतून टाकीत चढलं होतं. बऱ्याच वेळाने ह्यांचं काट्याकडे लक्ष गेलं. त्यांनी वाकून बर्नर पेटवला, काटा वर येऊ दिला आणि कामाला लागले. दुधाची पातळी थोडी उतरलीय, एवढंच त्यांना दिसलं असेल.

मग नवरदेवाचे आजोबा आले. पांढरा फेटा, काठी, मोठ्या मानाचे. त्यांनी कॉफी नको म्हटलं, नुसतं गरम पाणी मागितलं. ह्यांनी पाण्याची तोटी उघडून, कप धुऊन, दोन्ही हातांनी दिलं. म्हाताऱ्याने डोळे मिटून घोट घेतला.

मी पोचले तेव्हा म्हातारा कप उजेडात धरून बघत होता. पाणी पांढुरकं, वर तवंग.

"भाऊ, मी पानी मांगेल व्हतं," तो म्हणाला. "हाई काय शे?"

ह्यांनी कपात पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना कळलं.

"काशीमा दूध सोडेल शे मी," म्हातारा म्हणाला. ओरडला नाही. त्याच्या आवाजात राग नव्हताच, नवल होतं. आपल्याकडे काशीला गेलेला माणूस आवडतं असं काहीतरी तिथे सोडून येतो, आणि जन्मभर त्याला शिवत नाही. या माणसाने दूध सोडलं होतं. घरी म्हशी असलेला माणूस कोऱ्या चहावर राहत होता, आणि नातवाच्या लग्नात त्याला कोणी दूध पाजलं तर आम्ही.

ओरडले ते बाकीचे. व्याही चिडले, जावई चिडले, आणि त्यात त्या तिघी बायका पुढे आल्या. "आम्ही तीनदा सांगितलं या माणसाला! गॅस विझला, गॅस विझला! मान वळवली नाही. बायका बोलतात म्हणून उत्तर द्यायचं नाही? एवढा माज?" दुसरी म्हणाली, "मुद्दाम दिलं असेल, काय सांगावं!" नाना धावत आले. ते ह्यांना चांगले ओळखून होते. त्यांनी विचारलं, "भाऊ, या बायका सांगत होत्या तर तुम्ही ऐकलं का नाही?"

 नानांचा प्रश्न ह्यांना ऐकू आला होता, पण त्याचं उत्तर काय देणार? हात खाली सोडून उभे राहिले. आणि मी बघितलं, ते ठरवून टाकत होते की माजोरडा म्हणाले तर म्हणू द्या. शिव्या खाऊ, माफी मागू, म्हाताऱ्याच्या पाया पडू. पण मशीन राहील. ते वाकलेही पायाशी.

मला ते सहन झालं नाही. पुष्कळ वर्षं मी स्वतःच त्यांना गर्विष्ठ म्हणत होते, तो हक्क माझा होता. या परक्या बायांनी म्हणावं? मी खण-नारळ छातीशी धरून, भर मांडवात, वकिलासारखी उभी राहिले आणि बोलले, "माज नाही हो! त्यांना ऐकू येत नाही! बायकांचं बोललेलं ऐकूच येत नाही त्यांना. गिरणीत कान गेले!"

एकदम शांतता. मग चेहरे बदलले. बघता बघता सगळ्यांचे चेहरे मऊ झाले. ती माज म्हणणारी बाई "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात धरून उभी राहिली. म्हाताऱ्याने चूळ भरली, ह्यांना खांद्याला धरून उठवलं आणि आपल्या माणसांकडे वळून हळूच म्हणाला, "जाऊ द्या रे. कानना अधू शे तो. गंगामाय समजी लेई." सगळे माना हलवायला लागले. कोणी ह्यांची पाठ थोपटली. कोणी त्यांना जिलबी आणून दिली, आजारी पोराला द्यावी तशी.

आणि हे बघत होते. माझ्याकडे पाठ होती त्यांची, मी काय बोलले ते त्यांना ऐकूही आलं नव्हतं, दिसलंही नव्हतं. जिलबीची बशी हातात घेऊन ते एकेका तोंडाकडे बघत होते, की मघाशी मारायला उठलेली माणसं आता एवढी गोड का झाली?

नानांनी मला बाजूला घेतलं. चांगला माणूस. त्यांच्याच डोळ्यात पाणी होतं. "वहिनी, वाफेचं यंत्र आहे. कधी वाफ कोंडली, आवाज आला आणि यांना कळलं नाही, तर माणूस जाईल. मला झोप लागणार नाही. खुर्च्या-गाद्यांवर ठेवतो यांना, घरचं माणूस आहे. पण मशीन नको." मग म्हणाले, "माझी जीभ उचलत नाही. तुम्हीच सांगा त्यांना."

मीच सांगायचं! गावातली सगळी पुरुष माणसं सोडून, जिचा आवाज त्यांना पोचत नाही तिने.

संध्याकाळी टेम्पोत मागे आम्ही दोघं, मधे मशीन, चहूकडे दुमडलेल्या खुर्च्या. पारोळ्यापर्यंत मी मांडीवरचा खण-नारळ सांभाळत बसले. ते मशीनला एका हाताने धरून बसले होते, खड्ड्यात आदळू नये म्हणून. मग तेच म्हणाले, "सगळे असे एकदम गप्प कसे झाले गं? मला वाटलं आज मार खातो."

मी सांगितलं. म्हणजे ओठ हलवले. टेम्पोचा आवाज, धूळ, अंधारत आलेलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "काय?" मी मोठ्याने सांगितलं. मी ओरडले की आवाज आणखी चिरका व्हायचा. "काय म्हणतेस?" मी परत ओरडले. पुढून ड्रायव्हरने काचेतून वळून पाहिलं. त्याला ऐकू गेलं, ज्याला जायला हवं होतं त्याला नाही. मला रडू यायला लागलं, आणि रडताना तर माझा आवाज पिपाणीसारखा.

मग मी काय केलं, तर हनुवटी छातीला लावली, आवाज पार पोटातून काढला, नाना काढतात तसा, पानतंबाखू खाणाऱ्या माणसाचा, आणि एकेक शब्द सुटा करून त्यांच्या कानाशी म्हटलं, "मी. सांगितलं. सगळ्यांना. की तुम्हाला. ऐकू येत नाही. मशीन. आता. दुसरा. चालवणार."

ते पोचलं.

त्यांनी मशीनवरचा हात काढला नाही. बराच वेळ मागे जाणाऱ्या रस्त्याकडे बघत राहिले. एरंडोल आलं, गेलं. मग म्हणाले, "टाकी आजच धुतली पाहिजे. उद्यापर्यंत नासेल."

घरी आल्यावर त्यांनी टाकी धुतली. पाणी भरायचं, तापवायचं, तोटीतून काढून बघायचं, पांढरं दिसलं की ओतून परत भरायचं. पाणी निवळ झालं तरी भरतच राहिले. सकाळी नानांचा माणूस हातगाडी घेऊन आला. ह्यांनी माझं पातळ काढून घडी करून माझ्या हातात दिलं आणि मशीनच्या एका बाजूला धरून त्या माणसाबरोबर ते उचलून गाडीवर ठेवलं. पुढच्या लग्नापासून खुर्च्या उचलायला जायला लागले. पांढरा शर्ट घालून जायचे नाहीत. मांडवात कॉफीच्या टेबलाकडे त्यांची पाठ असेल अशाच बाजूला खुर्च्या मांडायचे, असं नाना मला एकदा म्हणाले.

मी परत लग्नांना गेले नाही. आणि घरात त्या जाड आवाजात बोलायला लागले. त्यांना तो बराच काळ ऐकू आला. मीठ पाहिजे का, पोरीची परीक्षा झाली, पाऊस आला, दोरीवरचे कपडे काढा, सगळं पोटातून. माहेरची माणसं म्हणायची, "अगं, तुझा आवाज केवढा गोड होता!" मला आठवत नाही. होता म्हणे. पुढे पुढे त्यांना जाड आवाजही जायचा बंद झाला, तेव्हा मी त्यांच्या समोर बसून तोंड हलवायचे, आणि त्यात मनातलं काय काय घालायचे. ते बघत राहायचे आणि सगळं समजल्यासारखी मान हलवायचे.

आता ते नाहीत. नातवंडं म्हणतात, आजी फौजदारासारखी बोलते. फोनवर तर लोक मला "काका" म्हणतात, मीही "बोला" म्हणून दामटते, मजा येते. परवा एकटीच होते तेव्हा बारीक आवाजात स्वतःशी काहीतरी म्हणून पाहिलं. घशातून नुसती हवा आली.